सगळे बगळे सारखेच दिसतात तेव्हा

प्रश्न विचारलाय तो गुहागर तालुक्यात नुकत्याच बदलून आलेल्या एका शिक्षकांनी. मूळचे सोलापूरकडचे. दिवाळीत दुर्बीण घेतली, फोनवर ॲप उतरवून घेतलं, आणि गेले दोन महिने रोज शाळेआधी खाडीवर जातात. म्हणतात, "कावळा, घार, साळुंकी सोडली तर छातीठोकपणे एक नाव सांगता येत नाही. सगळे बगळे सारखेच दिसतात. ॲप रोज वेगळं नाव सांगतं आणि पुस्तक उघडलं की होता तो अंदाजही जातो. सुरुवात नेमकी कुठून करू?" सोबत दोन कोडी घातली आहेत. एक, खाडीच्या तोंडाशी खडकांवर दिसणारा पांढरा बगळा, ज्याची चोच काळीही नाही आणि धड पिवळीही नाही. दुसरं, शाळेमागच्या माडावर बसलेला मोठा तपकिरी शिकारी पक्षी, ज्याच्या मागे कावळे लागले होते.

सर, मी दापोली तालुक्यात खाडीच्या काठावर राहतो आणि पंचवीसेक वर्षं हा नाद आहे. पहिली दोन वर्षं माझीही अशीच गेली, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी ते पुस्तक मिटून घरी ठेवा. पुस्तक वाईट नाही, पण भारतात तेराशेच्या वर जातीचे पक्षी नोंदलेत, एकट्या महाराष्ट्रात साडेपाचशेच्या वर, आणि पुस्तकात ते सगळे शेजारी शेजारी बसलेले असतात. लडाखचा, आसामचा आणि तुमच्या परसातला, सगळे एकाच पानावर. नवा माणूस चित्रं जुळवत बसतो आणि ज्या पक्ष्याने जन्मात कोकण पाहिलेलं नाही त्याच्यावर बोट ठेवतो. तुमच्या खाडीवर जानेवारीतल्या एका सकाळी फार तर चाळीस-पन्नास जाती असतील. म्हणजे दिसलेल्या पक्ष्याचं नाव काय, हे विचारण्याआधी इथे, या महिन्यात, या प्रकारच्या जागी कोण कोण असू शकतं, हे विचारायचं. निम्मे उमेदवार तिथेच बाद होतात. काळा, दुभंगलेल्या लांब शेपटीचा पक्षी मोकळ्या मळ्यात, गुरांच्या मागे, विजेच्या तारेवर दिसला तर तो कोतवाल. तसाच पण राखी झाक असलेला, लाल डोळ्यांचा, दाट झाडीत थंडीच्या दिवसांत दिसला तर राखी कोतवाल, पाहुणा. शेपटीच्या टोकाला तारेला लटकवल्यासारखी दोन पिसं असली आणि आजूबाजूला जुनं रान असलं तर भृंगराज. रंग तिघांचा जवळपास एकच. फरक सांगते ती जागा.

मग पहिले दोन-तीन महिने खाडीसुद्धा सोडा. राहता त्या घराचं अंगण आणि शाळेचं आवार, एवढंच धरा. वीसेक पक्षी. दयाळ, शिंपी, लालबुड्या बुलबुल, शेंडीवाला शिपाई बुलबुल, साळुंकी, तांबट, कुटुरगा, भारद्वाज, खंड्या, वेडा राघू, कोतवाल, हळद्या, शिंजीर, सातभाई, आणि कावळे. कावळे म्हणजे दोन बरं का: मानेला राखी पट्टा तो गावकावळा, संपूर्ण काळा आणि जाड चोचीचा तो डोमकावळा. तुम्ही "कावळा सोडला तर" लिहिलंत तिथेच मला हसू आलं.

हे वीस इतके पाहायचे की डोळ्याच्या कोपऱ्यातून गेले तरी कळलं पाहिजे. वाडीतला माणूस लांबून पाठमोरा चालला तरी आपण हाक मारतो ना, त्याच्या शर्टाचा रंग कुठे बघतो? तसंच. दहा मिनिटं एकाच पक्ष्याला द्या. शेपूट कशी धरतो, फांदीवरून खाली उतरतो की हवेतच किडा पकडून परत त्याच जागी येतो, एकटा असतो की घोळक्यात. दयाळ शेपूट उभी करतो आणि झटक्यात खाली आणतो. वेडा राघू तारेवरून सुटतो, गिरकी घेऊन परत त्याच तारेवर. सातभाई नावाप्रमाणे टोळीने, पाचोळा उचकटत, भांडत. हे एकदा अंगवळणी पडलं की एखाद दिवशी या विसांत न बसणारा कुणी आला तर तो आपोआप उठून दिसतो. अनोळखी पक्षी ओळखण्याचा माझ्याकडे याहून चांगला मार्ग नाही: ओळखीचे इतके ओळखीचे करायचे की परका लगेच कळावा.

आकार सांगताना सेंटिमीटर वगैरे विसरा. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार ही मापं. "बुलबुलाहून लहान, चिमणीहून सडपातळ" असं वहीत लिहिलंत तर महिन्याने वाचूनही पक्षी डोळ्यापुढे येतो.

एक खड्डा आत्ताच दाखवून ठेवतो. नर आणि मादी पुष्कळदा इतके वेगळे असतात की नवखा माणूस दोन जाती लिहितो. आपण सगळे लहानपणापासून कोकिळा गाते असं म्हणत आलो. प्रत्यक्षात तो "कुहू" ओरडणारा काळाकुट्ट, लाल डोळ्यांचा नर कोकीळ. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज म्हणजे नुसतं "किक् किक् किक्". जांभळा शिंजीर त्याहून फसवा. विणीच्या दिवसांत नर उन्हात निळा-जांभळा चमकतो. विणीचा हंगाम सरला की तोच मादीसारखा पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. मी ती रेघवाला पक्षी वेगळा म्हणून लिहिला होता, नाव न मिळालेला म्हणून पुढे प्रश्नचिन्ह. आठ महिन्यांनी त्याच जास्वंदीवर तोच पक्षी अर्धा जांभळा झालेला पाहिला तेव्हा उलगडा झाला.

कंटाळा येईल, "अंगणातले पक्षी काय बघायचे" असं वाटेल. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला जे पाहिलं ते सुगरण होतं, आपल्याकडे पावसात शेताच्या कडेला दिसणारं साधं सुगरण. शिडीवर आडोसा करून ते तासन् तास घरट्यांच्या वसाहतीसमोर बसत. नर घरटं अर्धवट विणून ठेवतो, मादी येऊन आत-बाहेर तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते, मग नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसरं घरटं दुसऱ्या मादीसाठी सुरू करतो, हा सगळा संसार त्यांनी तिथे बसून उलगडला. त्या घरट्यांसाठी त्यांना लांब कुठे जावं लागलं नाही, ती दाराशीच होती.

आता बगळे. हे नीट समजून घ्या, कारण कोकणात बगळ्यांशिवाय एक दिवस जात नाही.

पांढरा बगळा दिसला की अंगाकडे बघूच नका, अंग सगळ्यांचं पांढरंच. वरून खाली तीन जागा बघायच्या: चोच, पाय आणि पावलं. चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी, जणू काळ्या पायांत कुणी पिवळे मोजे चढवलेत, तो छोटा बगळा. पाण्यात उभं राहून एका पायाने गाळ ढवळतो तेव्हा ते मोजे लख्ख दिसतात. चोच आखूड, पिवळी, आणि हनुवटीखाली पिसांचा फुगवटा, मान आखूड, आणि म्हशीच्या पायांत घुटमळतोय, तो गायबगळा. मे-जूनमध्ये त्याच्या डोक्यावर-मानेवर नारिंगी रंग चढतो आणि माझे एक मित्र दरवर्षी तेव्हा "नवीन बगळा आलाय" म्हणून फोन करतात. आता मी नुसता "हो, आला" म्हणतो.

खूप उंच, मानेला ठळक वाक, आणि एकटाच पुतळ्यासारखा उभा असेल तर मोठा बगळा. त्याच्या आणि मध्यम बगळ्याच्या बाबतीत भलेभले अडतात, कारण चोच दोघांची थंडीत पिवळी. दुर्बीण स्थिर धरून तोंडाची कड बघा, चोचीपासून निघून गालावर जाणारी बारीक रेघ. ती डोळ्याच्या खाली संपली तर मध्यम, डोळ्याच्या मागे गेली तर मोठा. जवळून दिसला तरच हे करा. लांबून दिसला तर वहीत "मोठा किंवा मध्यम" असं लिहा. असं लिहिण्यात कमीपणा नाही.

उरला तुमचा खडकावरचा. तो बहुतेक समुद्र बगळा. याची गंमत अशी की याची दोन रूपं असतात. एक गडद पाटीच्या दगडासारखा राखी, गळ्याला पांढरा डाग. ते रूप कुणीही ओळखेल. दुसरं पूर्ण पांढरं, आणि ते छोट्या बगळ्यात बेमालूम मिसळतं. मधल्याच रंगाचे, पांढऱ्यावर राखी शिंतोडे उडाल्यासारखेही अधूनमधून दिसतात. पांढऱ्या रूपाची चोच छोट्या बगळ्याहून जाड, पिवळट-तपकिरी, टोकाकडे किंचित झुकलेली, आणि पाय पूर्ण काळे नसून हिरवट, पिवळेपणा बोटांच्या वरही चढलेला. वागणंही वेगळं: लाट फुटते त्या खडकांवर वाकून, पंख अर्धे उघडे टाकून, दारू प्यायल्यासारखा झोके घेत पळतो आणि मासा पकडतो. पण एक सांभाळा, छोट्या बगळ्याच्या पिल्लांची चोचही पूर्ण काळी झालेली नसते. म्हणून रंगावर विसंबू नका. जाडी, झुकाव आणि खडक हे तिन्ही जुळले तर लिहा.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय त्यामागे चार वर्षांची चूक आहे. माझ्या जुन्या वह्यांत हर्णैच्या खडकांवर "छोटा बगळा - ६", "छोटा बगळा - ४" अशा नोंदी ओळीने आहेत. त्यातले किती खरे छोटे आणि किती समुद्र, आता देवालाच ठाऊक. मी चोच बघितलीच नव्हती. पांढरा दिसला की हात आपोआप "छोटा बगळा" लिहून मोकळा व्हायचा.

आणि ढोकरी. हिला पुस्तकात वंचक म्हणतात आणि ते नाव ज्याने ठेवलं त्याला मानलं पाहिजे. चिखलाच्या रंगाची, मान आत ओढून बसलेली, तुम्ही दहा पावलांवर जाईपर्यंत दिसत नाही. मग अचानक एक पांढराशुभ्र पक्षी उडतो, पलीकडच्या बांधावर उतरतो आणि परत चिखल होतो. पंख पांढरे, पाठ मातकट. बसली की पंख झाकले जातात. पहिल्या वर्षी मी त्या उडालेल्या पांढऱ्या पक्ष्याला बगळा समजून बांधावर शोधत बसलो होतो. शेजारी कोळंबी पकडणारी एक आजी म्हणाली, "काय शोधतोस रे? ती ढोकरी तुझ्याकडे बघून हसतेय." पावसाच्या तोंडावर हिची पाठ गडद तांबडी होते, तेव्हा आणखी एकदा फसायची तयारी ठेवा.

आता खाडीवर परत जाऊ. तुम्ही रोज ठरलेल्या वेळी जाता, तिथे गडबड होतेय. तुमची वेळ घड्याळाची आणि पक्ष्यांची वेळ भरतीची. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही घाटावरचे, म्हणून सांगतो: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. जागेप्रमाणे पाऊण-एक तास मागेपुढे होतो, तो फरक गावातल्या कोणत्याही होडीवाल्याला विचारून घ्या. पूर्ण ओहोटी असली की चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी ठिपक्यांएवढे, तुमच्या दुर्बिणीबाहेर. पूर्ण भरतीला बसायला जागाच नसते, ते खारफुटीत नाहीतर पलीकडच्या बांधावर झोपा काढत असतात. पाणी चढत असतानाचे दोन तास सोन्यासारखे, कारण पाणीच त्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलत आणतं. तुम्हाला सकाळच हवी तर एकादशी-द्वादशीच्या आसपास जा. भरती सव्वाआठ-नऊची, साडेसहाला जाऊन बसलात की शाळेची वेळ होईपर्यंत पक्षी हाकेच्या अंतरावर येतात. शिवाय सकाळी समुद्राकडे तोंड केलं की ऊन पाठीवर असतं. संध्याकाळी त्याच जागी सगळा पक्षी म्हणजे काळी सावली.

चिखलावरच्या त्या छोट्या तपकिरी पक्ष्यांची पहिल्या हिवाळ्यात नावं लावायला जाऊ नका. नुसते दोन ढीग करा. जो पळतो, थबकतो, टोचतो आणि पुन्हा पळतो तो चिखल्या. आखूड चोच, मोठा डोळा, कारण तो बघून खातो. जो न थांबता चालत चालत चिखलात चोच खुपसत राहतो तो तुतवार. लांब चोच, कारण तो चाचपून खातो. त्यातला एकटाच असणारा, बुडाचा भाग सतत खालीवर करणारा आणि खांद्यापाशी पांढरी पाचर घुसलेली दिसणारा तुतवार तेवढा लवकर पाठ होईल, तो प्रत्येक खाडीवर असतो. काळा-पांढरा, गाजरासारख्या लालभडक चोचीचा कालवफोड्या दिसला तर त्या दिवशी सुट्टी साजरी करा. बाकी पुढच्या हिवाळ्यात. हे सगळे ऑगस्ट-सप्टेंबरपासून उतरायला लागतात आणि एप्रिलपर्यंत बहुतेक निघून जातात, त्यामुळे घाई नाही, ते परत येणार आहेत.

कुरवांचं, म्हणजे सीगलांचं, थोडक्यात. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असतो तेव्हा किंवा आंजर्ले-कर्द्याच्या पुळणीवर सकाळी हजारांनी बसलेले असतात. पुस्तकात एकाचं डोकं काळं, एकाचं तपकिरी दाखवलेलं असतं आणि आपण थंडीत तेच शोधत बसतो. थंडीत दोघांचंही डोकं पांढरं आणि कानामागे नुसता काळपट ठिपका. उडताना पंखाचं टोक बघा: काळ्या टोकात पांढरे आरसे दिसले तर तपकिरी डोक्याचा, पंखाची पुढची कड लांबपर्यंत पांढरी पाचरीसारखी असेल तर काळ्या डोक्याचा. मांडव्याच्या बोटीतून लोक त्यांना शेव-गाठी टाकतात, तेव्हा ते अगदी हाताशी येतात. गाठी टाकू नयेत हे खरं. पण दुसरा कुणी टाकतच असेल तर पंखांची टोकं बघून घ्यावीत.

डोळ्यांइतकंच कानांनी शिका. कोकणात निम्मे पक्षी पानांच्या मागे असतात, दिसतच नाहीत. मराठी माणसाला यात एक सोय आहे, आपल्या पूर्वजांनी पक्ष्यांच्या तोंडी आपलीच वाक्यं घालून ठेवली आहेत. मे अखेरीस "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" म्हणत चढत जाणारा पावशा एकदा ऐकला की जन्मभर विसरत नाही. टिटवी स्वतःचं नावच ओरडते. दुपारी लोहारकाम चालू असल्यासारखं एका लयीत "टुक टुक टुक" तो तांबट, आणि सगळा उन्हाळा डोकं उठवणारं "कुटुर्र, कुटुर्र" तो कुटुरगा. खोल विहिरीतून आल्यासारखं "कूप कूप कूप" म्हणजे भारद्वाज, आमच्याकडचा कुकुडकोंबा. ज्या आवाजाला असं तयार वाक्य नाही त्याला स्वतःचं लावा. माझ्या मुलीने लहानपणी सुभगाच्या शिट्टीला "आई... ये" असं लावलं होतं, अजून घरात तो पक्षी "आईये" म्हणूनच ओळखला जातो.

ॲपबद्दल: वापरा, पण साक्षीदार म्हणून, न्यायाधीश म्हणून नको. आवाज ओळखणारं ॲप नाव सुचवेल, ते झाडावर शोधून डोळ्यांनी बघितलं तर नोंद, नाहीतर नाही. भृंगराज आणि हरियालासारखाच हिरवा पण लहान असलेला पर्णपक्षी दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करण्यात पटाईत. एकटा भृंगराज फांदीवर बसून पाच पक्षी ओरडतो, आणि ॲप बिचारं पाची नावं लिहून देतं. (हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी, पिवळ्या पायांचा हिरवा कबुतर-भाऊ. वडा-पिंपळाला फळं धरली की वर बघत जा.)

दुर्बिणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण "सगळं धूसर दिसतं" असं ओघात लिहिलंय म्हणून सांगतो. आठ बाय बेचाळीसची घेतलीत ते उत्तम. आठ म्हणजे किती पट मोठं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. धूसर दिसतं कारण ती तुमच्या डोळ्यांना लावलेलीच नसावी. लांबची एखादी पाटी धरा. उजवं भिंग पुढून हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला पाटी स्वच्छ करा. मग डावं झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून स्वच्छ करा. कडीवरची ती खूण लक्षात ठेवा, पुन्हा हात लावायचा नाही. चष्मा असेल तर डोळ्याजवळची रबरी वाटी आत दाबून ठेवा. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्याला आणायची, खाली बघून शोधायला गेलात की पक्षी गेला.

सोलापूरच्या हवेत दुर्बीण खुंटीला टांगून चालते, इथे चालत नाही. माझी पहिली दुर्बीण तिसऱ्या पावसाळ्यात आतून बुरशीने भरली. भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरलं होतं. दुरुस्तीला दिली तर भिंग ओरखडून परत आली. तेव्हापासून जूनला हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि पंधरवड्याने पुड्या गरम करून कोरड्या. किनाऱ्यावरून आलात की खारं बोट लागलेली काच शर्टाने पुसू नका, आधी फुंकून वाळूचे कण काढा.

पावसात काय करायचं, तर घरी बसायचं नाही. नवरंग पावसाच्या तोंडाशी येतो आणि त्याची दोन सुरांची शिट्टी पहाटे-संध्याकाळी गावाजवळच्या रानातून ऐकू येते. तिबोटी खंड्या, चिमणीएवढा, पिवळा-नारिंगी-जांभळा, ओढ्याच्या काठच्या मातीत बीळ करून अंडी घालतो. आणि इथे जरा रागाने लिहितो. काही वर्षांपूर्वी बाहेरून फोटोसाठी आलेल्या एका गटाबरोबर मी गेलो होतो. त्यांनी स्पीकरवर नवरंगाचा आवाज लावला तो अर्धा तास बंद केला नाही. तो वेडापिसा होऊन समोर येत राहिला, तोंडातला गांडूळ टाकून, कारण त्याला वाटत होतं हद्दीत दुसरा नर घुसलाय. तेवढा वेळ पिल्लं उपाशी. मी तिथेच परत फिरलो. तुम्ही मुलांना घेऊन जाल तेव्हा स्पीकर नको आणि घरट्याजवळ जाणं नको, हे पहिल्याच दिवशी सांगा. पोरं ऐकतात, मोठे ऐकत नाहीत.

नावांचा एक गोंधळ बाकी. गावात कुणी "काल गरुड बघितला" म्हणालं तर आनंदाने धावू नका. कोकणात कित्येक जण धनेशाला गरुड म्हणतात, कुणी ककणेर म्हणतात. एकाच पक्ष्याला खंड्या, धीवर, किलकिला अशी नावं. गावातलं नाव वहीत जरूर लिहा, ते पुढे कुठेच सापडणार नाही, पण शेजारी पुस्तकातलं मराठी आणि इंग्रजी नावही लिहा. तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, आणि किती. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकत गेलात तर वर्षाअखेर तुमच्या गावात कोण कधी येतं याचं वेळापत्रक आपोआप तयार होतं, आणि शाळेतली पोरं ते भिंतीवर लावतील. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या वाढदिवसांमधला आठवडा. मुलांबरोबर सुरुवात करायला तो बरा.

राहिलं दुसरं कोडं, माडावरचा तपकिरी. याचं नाव मला सांगता येत नाही. कावळे मागे लागले होते यावरून काहीच ठरत नाही, कावळे सगळ्यांच्याच मागे लागतात. साधी घार असू शकते. मधुबाज असू शकतो, तो थंडीत आपल्याकडे सर्रास दिसतो. लांब मान आणि कबुतरासारखं लहान डोकं. समुद्र गरुडाचं पिल्लू असेल तर ते घारीहून बरंच मोठं, आणि घिरट्या घालताना पंख वर उचललेले, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. आणि ब्राह्मणी घारीचं पिल्लूही असू शकतं. मोठेपणी विटकरी अंग आणि पांढरं डोकं होणारा हा पक्षी पहिलं वर्षभर नुसता तपकिरी असतो. मी त्या पिल्लाला अख्खं एक वर्ष "गरुड" म्हणून मिरवत होतो, गावातल्या वाचनालयात भाषणसुद्धा दिलं होतं.

उद्या पुन्हा दिसला तर उडेपर्यंत थांबा आणि फक्त शेपूट बघा. मधे खाच होती, गोल होती, की पाचरीसारखी, तेवढं कळवा.